इटलीच्या खेड्यात राहून स्वयंपाक शिकायचाय? अशी करा तयारी

इटलीची सहल म्हटली की रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, पिसाचा मनोरा आणि बसच्या खिडकीतून दिसलेली शेतं, असा बहुतेकांचा कार्यक्रम ठरलेला असतो. ज्यांना त्या शेतांत उतरायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. एखाद्या शेतघरात पाच-सात दिवस मुक्काम करायचा, सकाळी मळ्यातून भाजी आणायची, यजमानांच्या स्वयंपाकघरात पीठ मळायचं आणि दुपारी आपणच रांधलेलं सगळ्यांबरोबर बसून जेवायचं. अशी सुट्टी टूर कंपनीशिवाय, घरबसल्या ठरवता येते. फक्त ठरवण्याचा क्रम बदलावा लागतो. एरवी आपण आधी विमानाचं तिकीट बघतो, मग हॉटेल आणि शेवटी खाण्याचं. इथे आधी पदार्थ, पदार्थावरून प्रांत, प्रांतावरून घर आणि तिकीट सगळ्यात शेवटी.

पहिलं काम: प्रांत निवडा, तोही ताटाकडे बघून

इटलीत 20 प्रांत आहेत आणि प्रत्येकाचा स्वयंपाक वेगळा. ढोबळमानाने उत्तरेला लोणी, अंडी, चीज आणि मांस जास्त. दक्षिणेला ऑलिव्हचं तेल, कडधान्यं, भाज्या आणि नुसत्या पाण्यात भिजवलेला पास्ता. तुमच्या घरात काय खाल्लं जातं त्यावर पुढचं सगळं ठरतं. फोटोत डोंगर सुंदर दिसले म्हणून प्रांत ठरवू नका. डोंगर सगळीकडे सुंदरच आहेत.

अंडी आणि मांस दोन्ही चालत असेल, तर एमिलिया-रोमान्या. बोलोन्या, मोदेना, पार्मा ही गावं इथलीच. हाताने लाटलेला अंड्याचा पास्ता शिकायला याहून चांगली जागा नाही. पार्मिज्जानो रेज्जानो चीजच्या डेअरीत सकाळी लवकर गेलात, तर तांब्याच्या कढयांमधून चीज बाहेर काढताना बघायला मिळतं. साधारण 550 लिटर दुधाचं 40 किलोच्या आसपासचं एक चाक होतं आणि ते निदान 12 महिने मुरवल्याशिवाय त्या नावाने विकता येत नाही. मोदेनाचं पारंपरिक बाल्सामिक व्हिनेगर तर कमीत कमी 12 वर्षं लाकडी पिंपांत मुरतं. बोलोन्या-रिमिनी रेल्वेमार्गावर फोर्लिम्पोपोली नावाचं छोटं गाव आहे. इटालियन घरगुती पाककृती पहिल्यांदा देशभर पोहोचवणारे पेल्लेग्रिनो आर्तुसी 1820 मध्ये इथे जन्मले. त्यांच्या नावाने 2007 मध्ये सुरू झालेल्या 'कासा आर्तुसी' या केंद्रात स्वयंपाकाची शाळाही आहे. पूर्ण आठवडा शेतावर काढायची हिंमत होत नसेल, तर एक दिवस इथे शिकून बघावं.

तोस्काना सगळ्यात प्रसिद्ध, त्यामुळे वर्ग भरपूर, इंग्रजी बोलणारे यजमान भरपूर आणि दरही चढे. माझं मत विचाराल तर कियान्ती या भागापेक्षा सिएना शहराच्या दक्षिणेकडचा व्हाल दोर्चा हा भाग निवडा. इथला 'पिची' हा पास्ता मुख्यतः पीठ आणि पाण्याचा, तळव्यांनी वळलेला, शेवेपेक्षा जाड. शिळ्या पावाचे पदार्थ ही इथली खासियत: भाज्या-घेवड्याची रिबोल्लिता, टोमॅटोचं पाप्पा अल पोमोदोरो, उन्हाळ्यातलं पान्झानेल्ला. इथल्या पावात मीठ नसतं. पहिल्या घासाला तो फिका लागेल, पण खारट चीज आणि झणझणीत नव्या तेलाबरोबर खाल्ला की त्याचं काम कळतं. याच प्रांताच्या उत्तरेला गारफान्याना खोऱ्यात 'फार्रो' पिकतो, म्हणजे आपला खपली गहू. सांगली-साताऱ्याकडे ज्याची खीर होते, त्याचं तिथे घेवड्याबरोबर दाट सूप करतात.

शाकाहारी असाल, त्यातही अंडं चालत नसेल, तर मात्र फार विचार करू नका, पुलियाला जा. बुटाच्या आकारातल्या इटलीची ही टाच. इथला रोजचा पास्ता ड्यूरम गव्हाचा बारीक रवा आणि पाणी, एवढ्यावरच होतो. सुक्या बाकल्याच्या डाळीचं मऊ घोटलेलं पिठलंवजा 'फावे', त्यावर उकडलेली कडसर चिकोरी आणि वरून कच्चं तेल, हे शेतकऱ्याचं जेवण आजही घरोघर होतं. भाजलेली वांगी, भरलेल्या मिरच्या, टोमॅटो चोळलेला कडक पाव, चण्यांबरोबरचा पास्ता: आठवडाभर मांसाशिवाय जेवताना इथे कुणाला काही वेगळं केल्यासारखं वाटत नाही. मोठ्या जुन्या शेतवाड्यांना इथे 'मास्सेरिया' म्हणतात आणि त्यातल्या पुष्कळ आता पाहुणे घेतात. व्हाले दित्रियाच्या परिसरात राहिलात तर निमुळत्या दगडी छपरांची 'त्रुल्ली' घरं आजूबाजूलाच असतात. त्यांचं आल्बेरोबेल्लो हे गाव 1996 पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

पिएमोन्ते, उंब्रिया, सिसिली या प्रांतांतही उत्तम वर्ग चालतात. पण पहिल्या खेपेला वरच्या तिघांपैकी एक निवडा आणि तिथेच राहा. आठ दिवसांत तीन प्रांत करायला गेलात, तर निम्मा वेळ बॅगा भरण्यात जातो आणि हाताला कुठलाच पदार्थ बसत नाही.

दुसरं काम: घर शोधा

तुम्हाला हवा असलेला प्रकार म्हणजे 'आग्रितुरिझ्मो'. इटलीत त्यासाठी 1985 पासून कायदा आहे आणि सध्याचा कायदा 2006 चा. त्यातली मुख्य अट अशी की शेती हाच मालकाचा प्रमुख व्यवसाय हवा. पाहुणे ठेवणं हा जोडधंदा. म्हणून ताटात येणाऱ्या गोष्टींचा मोठा भाग त्या शेतावरचा किंवा पंचक्रोशीतला असतो. जाहिरातीत 'व्हिला', 'कंट्री रिसॉर्ट' असं लिहिलेल्या जागा देखण्या असतात, पण तिथे शेत फक्त खिडकीतून दिसेल असंही होऊ शकतं. आग्रितुरिझ्मोंना 1 ते 5 सूर्यफुलांची श्रेणी असते. ती सोयीसुविधांची आहे, स्वयंपाकाची नाही. त्यामुळे 2-3 सूर्यफुलांच्या घरातली आजी 5 वाल्या आचाऱ्यापेक्षा कितीतरी छान शिकवू शकते.

घर आवडलं की बुकिंगचं बटण दाबण्याआधी ईमेल करा. साधं, लहान वाक्यांचं इंग्रजी लिहा. सोबत त्याचं यंत्राने केलेलं इटालियन भाषांतर जोडलं तर उत्तर लवकर येतं. पुढच्या गोष्टी नक्की विचारा. वर्ग प्रत्यक्ष हाताने करायचा आहे की फक्त बघायचा? एका वेळी किती जण असतात? आठपेक्षा जास्त असतील तर तुमच्या वाट्याला लाटणं फार वेळ येणार नाही. शिकवणार कोण, घरातली माणसं की बाहेरून येणारा शेफ? आठवड्यात वर्ग किती आणि दर वेळी पदार्थ वेगळे का? वर्गाबाहेरची जेवणं दरात धरली आहेत का? स्टेशनवर घ्यायला गाडी येते का? पैसे परत मिळण्याची मुदत काय? पुष्कळ शेतघरं हंगामात शनिवार ते शनिवार असंच बुकिंग घेतात. तुमची विमानाची तारीख त्यावर ठरते, म्हणूनच तिकीट शेवटी.

शेतावर काम करून त्या बदल्यात फुकट राहण्याच्या योजनाही दिसतील. टुरिस्ट व्हिसावर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

तिसरं काम: तुमचं पथ्य पदार्थाच्या नावानिशी कळवा

आपल्याकडच्या लोकांची खरी अडचण इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगते. "मी शाकाहारी आहे" एवढं सांगून भागत नाही. यजमान मनापासून मांसाचा तुकडा वगळतील, पण सूप मांसाच्या पाण्यातच शिजलेलं असू शकतं. भाज्यांच्या परतणीत पान्चेत्ता, म्हणजे डुकराच्या पोटाचं खारवलेलं, चरबीदार मांस पडतं. रोमान्यातल्या पियादिना या पोळीत बऱ्याचदा 'स्त्रुत्तो', म्हणजे डुकराचीच चरबी असते. पुलियात शलगमाच्या कोवळ्या पाल्याबरोबरच्या पास्त्यात तेलात विरघळवलेले अँकोव्ही मासे घालायची पद्धत आहे, ते डोळ्यांना दिसतही नाहीत. पान्ना कोत्तात जिलेटिन असतं आणि तिरामिसूत बहुधा कच्ची अंडी.

चीजचा प्रश्न वेगळा. पार्मिज्जानो रेज्जानोसाठी वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विरजणच वापरायचं असा नियम आहे, पेकोरिनो रोमानोसाठी कोकराचं. इटलीतले बरेचसे लोक अशा चीजला शाकाहारीच समजतात, त्यामुळे ते आपण होऊन सांगणार नाहीत. तुम्हाला चालतं की नाही हे घरी बसूनच ठरवा. चालत नसेल तर वनस्पतिजन्य रेनेटचं चीज मिळेल का ते आधी विचारा, किंवा चीज वगळायलाच सांगा. पुलियात चीजऐवजी तेलात परतलेला पावाचा चुरा पास्त्यावर भुरभुरतात. तो इतका चविष्ट लागतो की उणीव भासत नाही.

ईमेलमध्ये आणि तिथे पोहोचल्यावर तोंडी, दोन्ही वेळा हे वाक्य वापरा: "सोनो वेजेतारियाना. नॉन मांजो कार्ने, पेशे, ब्रोदो दी कार्ने, स्त्रुत्तो, अच्चूगे." म्हणजे, मी शाकाहारी आहे; मांस, मासे, मांसाचं पाणी, डुकराची चरबी, अँकोव्ही खात नाही. पुरुषांनी 'वेजेतारियानो' म्हणावं. अंडं नको असेल तर पुढे "सेन्झा उओवा". मांसाहारी असूनही गोमांस चालत नसेल, तर 'मान्झो' (गोमांस) आणि 'वितेल्लो' (वासराचं मांस) हे दोन शब्द लक्षात ठेवा. बोलोन्याच्या 'रागू' या पास्त्याच्या रश्शात गाईचं आणि डुकराचं मांस एकत्र असतं. जैन मंडळींसाठी कांदा-लसूण-गाजर वगळणं थोडं कठीण आहे, कारण बहुतेक रश्शांची सुरुवात कांदा, गाजर आणि सेलरी परतण्यापासूनच होते. पण महिनाभर आधी सांगितलं तर यजमान वेगळी यादी बनवू शकतात. जेवताना वाइन समोर येईल. नको असेल तर हसून "नो, ग्रात्सिए" म्हणा, कुणी आग्रह करत नाही.

कधी जावं

दोन सुट्ट्या आपल्या कामाच्या. मे महिन्यात शेतात ताजा बाकला, अस्पॅरागस, आर्टिचोक असतात आणि हवा सुखद असते. दिवाळीची सुट्टी त्याहून खास, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऑलिव्हची तोडणी चालते. झाडांखाली जाळी अंथरून फळं उतरवतात, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घाण्यावर नेतात आणि हिरवंगार, घशाला झणझणणारं नवं तेल भाजलेल्या पावावर ओतून खातात. शक्य असेल तर ही वेळ साधा. द्राक्षांची तोडणी बघायची असेल तर सप्टेंबर. ऑगस्ट टाळा: ऊन कडक आणि 15 ऑगस्टच्या 'फेर्रागोस्तो'च्या आगेमागे अर्धा देश सुट्टीवर असतो.

व्हिसा आणि सामान

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान 15 दिवस आधी तो द्यावाच लागतो. उन्हाळी गर्दीत अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. जून 2024 पासून प्रौढांसाठी शुल्क 90 युरो आहे, शिवाय व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस केंद्राचं सेवाशुल्क. किमान 30,000 युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्र, परतीचं आरक्षण आणि मुक्कामाचा पुरावा जोडायचा असतो. शेतघराकडून तारखा, पूर्ण पत्ता आणि तुमचं पासपोर्टवरचं नाव असलेलं पत्र मागून घ्या. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान 3 महिने चालू हवा.

यजमानांसाठी काही न्यावंसं वाटणारच. पण तूप, पेढे, बर्फी, श्रीखंड नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना नेता येत नाहीत. हापूस आणि ताजा कढीपत्ताही कागदपत्रांशिवाय नेता येत नाही. गोडा मसाला, वेलदोडे, चांगला चहा न्या. शेवटच्या संध्याकाळी त्यांना पोहे किंवा मसालेभात करून वाढलात, तर त्या घराशी नातं जडतं.

कपड्यांत बंद बूट, लांब बाह्यांचं काहीतरी आणि खेड्यातल्या थंड संध्याकाळींसाठी एक स्वेटर हवाच.

तिथे पोहोचायचं कसं

मोठ्या शहरापर्यंत रेल्वे उत्तम. अडचण शेवटच्या 15-20 किलोमीटरची. खेड्यांतल्या बस कमी, रविवारी जवळजवळ नाहीतच. स्टेशनवर घ्यायला येणारं घर मिळालं तर गाडी घेऊ नका, कारण तुम्ही एकाच जागी राहणार आहात. गाडी घ्यायचीच असेल तर निघण्यापूर्वी आरटीओमधून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि जुन्या गावांच्या मध्यभागी 'झेड टी एल' लिहिलेली पाटी दिसली की आत जायचं नाही. तिथे कॅमेरे असतात आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी भारतात घरी येते. स्थानिक गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायला विसरू नका.

स्वयंपाकघरात

अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा, नखं कापा, केस बांधा. वर्ग साधारण तीन-चार तासांचा असतो आणि शेवटी सगळे एका टेबलाशी जेवतात.

अंड्याच्या पास्त्याची गंमत जवळून सांगते, कारण पोळ्या लाटण्यात हात बसलेला असला तरी इथे तो नव्याने बसवावा लागतो. 100 ग्रॅम मैद्यासारख्या बारीक पिठाला 1 अंडं, हे प्रमाण. लाकडी पाटावर पिठाचं आळं करायचं, मधे अंडं फोडून काट्याने हळूहळू पीठ आत ओढायचं. गोळा सुरुवातीला कोरडा वाटतो आणि आपला हात सवयीने पाण्याकडे जातो; पाणी घ्यायचं नाही. तळव्याच्या टाचेने दहा-पंधरा मिनिटं रेटत राहिलं की तो गुळगुळीत होतो. पुरीच्या कणकेइतका घट्ट राहतो, पोळीच्या कणकेसारखा मऊ पडत नाही. मग झाकून अर्धा तास ठेवायचा. लाटणं जवळजवळ मीटरभर लांब आणि सगळीकडे सारख्या जाडीचं असतं. पोळी लाटताना आपण दाबून गोल फिरवतो. इथे पारीची पलीकडची कड लाटण्याभोवती गुंडाळायची आणि तळवे मधून बाहेरच्या बाजूला सरकवत पारी ताणायची, मग उलगडून थोडी वळवायची, पुन्हा तेच. पारीतून सान लुका टेकडीवरचं चर्च दिसलं पाहिजे, असं बोलोन्यात म्हणतात. लाकडी पाटामुळे पारीला किंचित खरखरीतपणा येतो आणि रस्सा तिला धरून राहतो. ओट्याच्या ग्रॅनाइटवर तो येत नाही. पारी कापून केलेल्या पट्ट्यांची, म्हणजे तालियातेल्लेची रुंदी शिजल्यावर 8 मिलिमीटर असावी, हे बोलोन्याच्या व्यापारी मंडळाकडे 1972 पासून रीतसर नोंदवलेलं आहे.

पुलियात लाटणं नाहीच. कोमट पाण्यात रवा मळून बोटाएवढ्या जाड वळ्या करतात, सेंटिमीटरभर तुकडे पाडतात, बोथट सुरीने तुकडा पाटावर स्वतःकडे ओढतात आणि अंगठ्यावर उलटा करतात. झाला ओरेक्किएत्ते. बारी शहराच्या जुन्या वस्तीत बायका दारात टेबल मांडून हेच करताना दिसतात. त्यांच्या अंगठ्याकडे नीट बघा, सुरीपेक्षा सगळी कला तिथे आहे.

पास्ता उकळण्याचा हिशोब पाठच करून टाका: 100 ग्रॅम पास्त्याला 1 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम मीठ. ताजा पास्ता दोन-चार मिनिटांत शिजतो, ओरेक्किएत्तेला थोडा जास्त वेळ. उकळलेलं पाणी फेकू नका, रस्सा सैल करायला तेच लागतं.

पहिल्या दिवशी तिखट-मसाल्याची आठवण येईल. तरी दोन-तीन दिवस पदार्थ आहे तसाच खाऊन बघा, सोबतची चटणी पिशवीतच राहू द्या. आणि पाककृती उतरवून घेताना प्रमाणांपेक्षा खुणा लिहा: गोळा बोटाने दाबल्यावर किती वेळात वर येतो, तेलाचा वास कधी बदलतो, कांदा किती पारदर्शक झाल्यावर पुढचं पडतं. व्हिडिओ करायचा असेल तर आधी विचारा.

परत आल्यावर

तेल घ्यायचं तर काचेपेक्षा पत्र्याच्या डब्यातलं घ्या, त्यावरचं तोडणीचं वर्ष वाचा आणि चेक-इन बॅगेत टाका. पास्त्याचा रवा उचलून आणायची गरज नाही. आपला बन्सी गहू ड्यूरम जातीचाच आहे. बन्सी रवा मिक्सरवर बारीक करून, चाळून घेतला तर ओरेक्किएत्ते चांगली वळतात. रव्याच्या वजनाच्या साधारण निम्मं कोमट पाणी घ्या, पण पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते सगळं एकदम ओतू नका. अंड्याच्या पास्त्यासाठी आपली अंडी बहुधा तिथल्यापेक्षा लहान असतात, म्हणून 100 ग्रॅम पिठाला 1 अंडं घेऊन गोळा जमत नसेल तर आणखी अर्धा चमचा फेटलेलं अंडं घाला. परतल्यावर पहिल्या पंधरवड्यातच एकदा करून बघा, हाताला सगळं आठवत असतं तोवर.